मुलांना ब्लूज ऐकवायचंय? बायकांच्या आवाजापासून सुरुवात करा

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेला गाण्याचा प्रकार. त्याबद्दल इंटरनेटवर काहीही शोधा, पहिल्या पाच मिनिटांत रॉबर्ट जॉन्सन भेटतो. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकलेला माणूस! दंतकथा झकास आहे, पण मुलांसाठी ती सुरुवात चुकीची आहे. एक तर मुलं सैतानातच अडकतात. दुसरं म्हणजे इतिहासाचा क्रम उलटा होतो. जॉन्सनची ध्वनिमुद्रणं १९३६-३७ मधली आहेत. त्याच्या सोळा वर्षं आधी, १० ऑगस्ट १९२० रोजी, न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेनं 'ओके' या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' गायलं. ते तुफान खपलं आणि कंपन्यांना कळलं की या गाण्यांना गिऱ्हाईक आहे. पुढची काही वर्षं ब्लूजची तबकडी म्हणजे जवळजवळ बाईचाच आवाज होता.

मी सोसायटीतल्या सात ते तेरा वयाच्या मुलांना अधूनमधून गाणी ऐकवते. कुणी तबला शिकतं, कुणी कीबोर्ड, बाकीचे खाऊसाठी येतात. त्यांच्याबरोबर ब्लूज ऐकताना काय चाललं आणि काय फसतं, ते इथे क्रमानं लिहिते आहे. तुम्ही पालक असा, शिक्षक असा किंवा ग्रंथालयात बालविभाग सांभाळत असा, यासाठी संगीताचं शिक्षण लागत नाही.

काय काय लागेल

- बरा स्पीकर. मोबाइलच्या स्पीकरवर जुन्या तबकडीची खरखर तेवढी ऐकू येते, आवाज मागे पडतो.
- आधीच निवडून उतरवून ठेवलेली गाणी. (का, ते पहिल्या पायरीत येईल.)
- अमेरिकेचा नकाशा. मिसिसिपी नदी ठळक दिसली पाहिजे.
- पेटी किंवा कीबोर्ड. नसेल तर टाळ्यांवरही भागतं.
- जाड कार्डशीट, चिकटपट्टी, कोरे कागद.

गाणी मिळणं सोपं आहे. १९२५ पर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचे अमेरिकेतले हक्क आता संपले आहेत आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचाच असतो. त्यामुळे ही जुनी गाणी मोफत आणि उजळ माथ्यानं ऐकवता येतात.

१. आधी तुम्ही ऐका, शेवटपर्यंत

ही पायरी कंटाळा करून गाळू नका. ही गाणी मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी गायलेली आहेत. त्यात दारू आहे, मारझोड आहे, आणि वरवर स्वयंपाकघरातलं वाटणारं पण भलतंच सुचवणारं बरंच काही आहे. मुलांना इंग्रजी उच्चार कळणार नाहीत, या भरवशावर राहू नका. दहा वर्षांच्या पुढची मुलं घरी जाऊन शब्द शोधून वाचतात.

'क्रेझी ब्लूज'चंच उदाहरण घ्या. ऐतिहासिक महत्त्व मोठं, म्हणून सगळे ते आधी लावतात. पण त्याच्या शेवटच्या भागात अफूचा उल्लेख येतो, चिनी माणसांबद्दल हिणकस शब्द येतो आणि पोलिसाला गोळी घालण्याची भाषा येते. त्या काळातल्या कृष्णवर्णीयांचा पोलिसांवरचा राग समजून घ्यायला तो भाग मोलाचा आहे, पण सात वर्षांच्या मुलासमोर नको. मी पहिलं एक मिनिट ऐकवते आणि थांबवते.

दुसरा सापळा चित्रफितीचा. बेसी स्मिथ या त्या काळातल्या गाजलेल्या ब्लूज गायिकेचं हलतं चित्र एकाच ठिकाणी पाहायला मिळतं, १९२९च्या 'सेंट लुईस ब्लूज' या लघुपटात. त्यात तिला तिचा पुरुष ढकलतो, मारतो, पैसे घेऊन निघून जातो. मुलांना दाखवू नका. "बेसी कशी दिसायची?" असं विचारलंच तर तिचे फोटो भरपूर आहेत.

तिसरी गोष्ट, आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय बंद ठेवा. तुम्ही पाणी प्यायला उठता तेवढ्यात भलतंच काही सुरू होतं.

२. खरखरीची ओळख करून द्या

मुलांचा पहिला शेरा ठरलेला असतो: "हे बिघडलंय." बिघडलेलं नाही, हे सांगायला दहा मिनिटं द्या. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणाला माइक नसायचा. गायिका एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायची, आवाजाच्या जोरानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चर पडायचा. ज्याचा आवाज खणखणीत, त्याचंच गाणं नीट उमटणार. कार्डशीटचा कर्णा करा, एकानं त्यात गायचं, दुसऱ्यानं निमुळत्या टोकाला कान लावायचा. मुलं पुढचा अर्धा तास दुसरं काही करू देणार नाहीत, ते गृहीत धरा.

आपल्याकडची गौहर जान हिचं १९०२मधलं गाणंही असंच कर्ण्यात गायलेलं आहे. दोन्ही पाठोपाठ लावलीत तर 'जुनं म्हणजे असं ऐकू येतं' हे न सांगता कळतं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत, म्हणून गाणीही तेवढीच. मुलांच्या चिकाटीला हे माप अगदी सोयीचं आहे.

आता एक सल्ला, ज्यावर काही जाणकार नाराज होतील: सुरुवात मा रेनीपासून करू नका. तिला ब्लूजची आई म्हणतात, बेसीच्याही आधीपासून ती तंबूतल्या खेळांमधून गात होती, हे सगळं खरं. पण तिची जवळपास शंभर गाणी पॅरामाउंट कंपनीनं मुद्रित केली. ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. ग्रामोफोनच्या पेट्या खपाव्यात म्हणून तबकड्या काढल्या, आणि त्यांचा दर्जाही तसाच. नवख्या कानाला तिचा आवाज धुरळ्यापलीकडून येतो. तिला नंतर आणा.

३. पहिलं गाणं: 'बॅकवॉटर ब्लूज'

बेसी स्मिथ, फेब्रुवारी १९२७, पियानोवर जेम्स पी. जॉन्सन. तोपर्यंत माइक आला होता, त्यामुळे आवाज स्वच्छ आहे. विषय मुलांना लगेच कळतो: पाच दिवस पाऊस, घरात पाणी, माणसांना न्यायला आलेली होडी, टेकडीवर उभं राहून खाली बुडालेल्या आपल्या घराकडे बघणारी बाई.

पण हे आधी सांगू नका. आधी गाणं लावा आणि एवढंच विचारा: "पियानो काय करतोय?" जॉन्सनचा डावा हात खाली घुमत राहतो, मधेच गडगडतो. "ढग" किंवा "पाणी" हे उत्तर बहुतेक वेळा मुलांकडूनच येतं. मग गोष्ट सांगा, मग गाणं पुन्हा लावा. दुसऱ्यांदा ऐकताना खोलीत चुळबुळ कमी झालेली जाणवेल. सांगली-कोल्हापूरकडे नातेवाईक असणाऱ्या मुलांकडे पुराच्या स्वतःच्या गोष्टी असतात. त्यांना बोलू द्या, तुमचं पुढचं नियोजन बाजूला ठेवा.

या गाण्याबद्दल एक चुकीची माहिती जागोजागी लिहिलेली सापडेल, की ते १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरावर आहे. तारखा जुळत नाहीत. तो महापूर एप्रिलमध्ये बांध फुटल्यावर भीषण झाला, गाणं फेब्रुवारीतलं आहे. त्याचा संबंध १९२६च्या नाताळात नॅशव्हिलमध्ये कंबरलँड नदीला आलेल्या पुराशी जोडतात. महापूर आला तेव्हा गाणं बाजारात तयार होतं आणि लोकांनी ते आपलं मानलं, इतकंच.

४. साचा पकडा आणि मुलांकडून एक ब्लूज करून घ्या

ब्लूजच्या कडव्याचा नेहमीचा साचा तीन ओळींचा. पहिली ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची, थोडा ठसका देऊन. तिसऱ्या ओळीत उत्तर, टोमणा किंवा कलाटणी. प्रत्येक ओळ संपली की थोडी जागा उरते आणि तिथे वाद्य बोलतं. बाईनं म्हणायचं, वाद्यानं उत्तर द्यायचं. शेतात आणि रस्त्याच्या कामावर एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या सवयीतून हे आलं आहे.

याला बारा बारचा ब्लूज म्हणतात. इथे तबला शिकणारी मुलं हमखास एकताल धरतात. थांबवा त्यांना. बारा मात्रा नाहीत, बारा खंड आहेत आणि प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे एका कडव्याला अठ्ठेचाळीस मात्रा. पेटीवर दाखवायचं असेल तर तीन स्वरसमूह पुरतात:

- सा-ग-प: चार खंड
- म-ध-सां: दोन खंड, मग पुन्हा सा-ग-प: दोन खंड
- प-नि-रें: एक खंड, म-ध-सां: एक खंड, शेवटी सा-ग-प: दोन खंड

एकानं पेटी धरायची, बाकीच्यांनी टाळी. पंधरा मिनिटांत जमतं.

स्वरांबद्दल एकच गोष्ट सांगा. गंधार आणि निषाद या गायिका कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावतात, तिथून घसरतात. पेटीच्या पट्ट्यांमध्ये ती जागाच नाही, गळ्यात आहे. गाणं शिकणारं एखादं मूल म्हणेल, "हा जोग वाटतोय." दोन्ही गंधार आणि कोमल निषाद ऐकून तसं वाटणं साहजिक आहे, शाबासकी द्या. पण राग शोधण्याच्या खेळात फार शिरू नका, कारण मग मुलं गाणं ऐकायचं सोडून स्वर मोजत बसतात.

मग कागद वाटा. विषय एकच: तक्रार. आपली, खरी, आजची. नमुना हवा असेल तर हा घ्या:

दप्तर माझं जड झालं, पाठ माझी वाकली,
अगं आई, दप्तर माझं जड झालं, पाठ माझी वाकली,
पुस्तकं सगळी आली बरोबर, पेन्सिल तेवढी हरवली!

मुलं दुःखी व्हायच्या प्रयत्नाला लागली तर अडवा. ब्लूज म्हणजे रडगाणं, ही मोठ्यांची समजूत आहे. बेसी रडत नाही. ती काय झालं ते सांगते, आणि सांगताना तिचा ताठा कुठे जात नाही. तिसरी ओळ चांगली जमली की मुलं हसतात, तीच परीक्षा.

५. पायपेटी ऐकवा

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग. १४ जानेवारी १९२५, न्यूयॉर्क. बेसी 'सेंट लुईस ब्लूज' गाते आहे. गाणं डब्ल्यू. सी. हँडी यांचं, १९१४ साली छापलेलं. कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, पुढे जॅझमध्ये जगप्रसिद्ध झालेला. आणि मागे? पियानो नाही. फ्रेड लाँगशॉ हवेवर चालणारा ऑर्गन वाजवतो आहे. संगीत नाटकाला गेलेल्या कुणालाही तो सूर ओळखू येईल, कारण आपल्या नाट्यपदांच्या साथीचा ऑर्गन त्याच जातीचा. पायानं भाता, हातानं पट्ट्या. घरात एखादे आजोबा असतील तर त्यांना या वेळी मुद्दाम बोलवा. एखादं जुनं नाट्यपद आणि हे गाणं एकामागून एक लावा.

खेळ असा: अर्ध्या मुलांनी बेसी व्हायचं, अर्ध्यांनी कॉर्नेट. जो गातोय किंवा वाजतोय, त्याच्या गटानं हात वर करायचा. आर्मस्ट्राँग बेसीच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतो, कधी तिचं वाक्य जेमतेम संपू देतो. दोन्ही गटांचे हात एकदम वर जातात तेव्हा वाद होतो. होऊ द्या.

बारा खंडांचा साचा शिकवायला मात्र हे गाणं वापरू नका. मधला भाग सोळा खंडांचा आहे आणि मुलांची मोजणी तिथे कोलमडते. शिवाय गाण्यातली बाई नवरा दुसरीनं पळवल्याचं सांगते, त्यामुळे नऊ-दहा वर्षांपुढच्यांनाच शब्द सांगा.

जाता जाता: १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि याच आर्मस्ट्राँगचं 'मेलँकली ब्लूज'ही आहे. हे ऐकल्यावर मुलं संगीत विसरून परग्रहवासीयांवर जातात. दहा मिनिटं गेली समजा.

६. गोष्टी सांगा, पण निवडून

सगळ्या गायिकांची चरित्रं सांगत बसू नका. मुलांना तीन-चार चेहरे लक्षात राहतात.

एलिझाबेथ कॉटन पहिली. काटेकोरपणे पाहिलं तर ती लोकगीतं गाणारी, बेसीच्या पठडीतली नव्हे, पण मुलांसाठी तिच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. नॉर्थ कॅरोलिनातली ही मुलगी डावखुरी. भाऊ बाहेर गेला की त्याचं वाद्य चोरून घ्यायची आणि उलटं धरून वाजवायची. तारा न बदलता! त्यामुळे खालचे ठोके बोटांनी आणि चाल अंगठ्यानं, असं तिचं जगावेगळं वाजवणं तयार झालं. घरकाम करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. अकरा-बारा वर्षांची असताना घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर 'फ्रेट ट्रेन' हे गाणं केलं. पुढे चर्चमधल्या लोकांनी असलं संगीत सोड म्हटलं, लग्न, मूल, कामं, आणि गिटार कित्येक वर्षं बंद.

मग वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात काम करत असताना तिला हरवलेली एक मुलगी सापडली. तिनं तिला आईपाशी नेलं. ते घर निघालं सीगर या संगीतकार कुटुंबाचं, आणि तिथे ती घरकामाला लागली. भिंतीवर गिटार होती. साठी ओलांडल्यावर, १९५८ साली, तिची पहिली तबकडी निघाली, आणि नव्वदीत ग्रॅमी मिळालं. पहिली तबकडी निघण्याआधीच इंग्लंडमध्ये तिचं गाणं भलत्यांच्याच नावावर गाजलं होतं, तो भाग मोठ्या मुलांना सांगा. ते संतापतात. 'फ्रेट ट्रेन'मध्ये मरणाचा आणि थडग्याचा उल्लेख आहे, पण चाल इतकी हलकी आहे की मुलांना तो खुपत नाही. वर्गात डावखुरं मूल असेल तर त्याच्याकडे न बघता गोष्ट सांगा; ते स्वतःच हात वर करतं.

अल्बर्टा हंटर ही आज्यांची आवडती. बेसीची पहिली गाजलेली तबकडी, १९२३चं 'डाउनहार्टेड ब्लूज', हे गाणं अल्बर्टानं पियानोवादक लव्ही ऑस्टिन हिच्याबरोबर रचलेलं, म्हणजे गाणारी बाई आणि रचणाऱ्याही बायका. आई गेल्यावर अल्बर्टानं गाणं सोडलं, वय कमी सांगून नर्सिंग शिकली आणि वीस वर्षं रुग्णालयात काम केलं. सत्तरीची झालीस म्हणून तिला निवृत्त केलं तेव्हा ती खरं तर ब्याऐंशीची होती. मग १९७७मध्ये ती पुन्हा गायला उभी राहिली.

मा रेनी आता आणा. सोन्याच्या नाण्यांची माळ, सोन्याचे दात, आणि रंगमंचावर ठेवलेल्या अजस्र ग्रामोफोनच्या आतून गात गात बाहेर येणं. मोठं खोकं मिळालं तर मुलांना हा प्रवेश करायला लावा.

७. अवघड प्रश्न टाळू नका

"तिला हॉटेलात का राहू देत नव्हते?" हा प्रश्न येणार. बेसीनं दौऱ्यांसाठी स्वतःचा रेल्वेचा डबा घेतला होता, कारण दक्षिणेत कृष्णवर्णीयांना बहुतेक हॉटेलं दार उघडत नसत. गुलामगिरी १८६५मध्ये कायद्यानं संपली, पण वेगळे डबे, वेगळ्या शाळा, पाणी प्यायचे वेगळे नळ, हे पुढे कित्येक दशकं चाललं. पाण्याचं नाव निघालं की आपली मुलं चवदार तळ्यावर येतात. महाडचा सत्याग्रह मार्च १९२७चा, 'बॅकवॉटर ब्लूज' त्याच्या महिनाभर आधीचं. दोन्हीकडच्या लोकांना हे नातं ठाऊक होतं; १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरूनच घेतलं. दहा वर्षांच्या वरच्या मुलांशी हे मोकळेपणानं बोला. लहानांना हॉटेल आणि रेल्वेचा डबा एवढंच पुरे.

पैशांचंही सांगा. बेसीला कोलंबिया कंपनी प्रत्येक गाण्याचे ठरावीक पैसे द्यायची. तबकड्या लाखांनी खपल्या तरी खपावर तिला काही नाही.

इथले तीन सापळे:

- जुन्या मराठी पुस्तकांत 'निग्रो' हा शब्द सर्रास आहे. तो वापरू नका. कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन-अमेरिकन म्हणा.
- स्नेहसंमेलनासाठी मुलांचे चेहरे काळे रंगवू नका. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, आणि याच तंबूतल्या खेळांच्या परंपरेतून वाट काढत या गायिका पुढे आल्या. पिसांची टोपी आणि मण्यांच्या माळा पुरतात.
- गोऱ्यांच्या रुग्णालयानं दार बंद केलं म्हणून बेसी मेली, ही कथा खोटी आहे. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघात झाला आणि तिला कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेलं होतं. खरी गोष्ट वेगळी आहे आणि कमी बोचरी नाही: १९७०पर्यंत तिच्या थडग्यावर दगडच नव्हता. तो बसवायला गायिका जॅनिस जॉप्लिननं पैसे दिले, आणि तिच्याबरोबर हुआनिता ग्रीननं, जी लहानपणी बेसीच्या घरी काम करायची.

८. पुढे कुठे न्यायचं

मुंबईत २०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव भरत आला आहे. तिकीट काढण्याआधी मुलांना प्रवेश आहे का आणि कार्यक्रम किती उशिरापर्यंत आहे, ते विचारा. कानावरचे संरक्षक बरोबर घ्या, आवाज मोठा असतो. आपल्या देशातली बाई ब्लूज गाताना दाखवायची असेल तर शिलाँगच्या 'सोलमेट'मधल्या तिप्रिती खारबंगारच्या चित्रफिती शोधा.

अटलांटाच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांना कोलंबस गाव दोनेक तासांवर आहे, तिथे मा रेनीचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. चॅटानूगामध्ये बेसीच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे, क्लार्क्सडेलमध्ये डेल्टा ब्लूज संग्रहालय. नॉर्थ कॅरोलिनातल्या कारबरोमध्ये एलिझाबेथ कॉटनच्या नावाचा सायकलमार्ग आहे, आणि बाजूला रेल्वेचे रूळ. लहान मूल बरोबर असेल तर बाकीची संग्रहालयं सोडून आधी तिथे जा, सायकल भाड्यानं मिळते का तेवढं पाहून ठेवा.